पिवळे तीन टाके

१२ मार्च

प्रिय ताई,

पत्राच्या सुरुवातीला सगळं कुशल असल्याचं लिहायचं असतं, म्हणून लिहिते की आम्ही सगळ्या उभ्या आहोत. बसायला वेळ नाही, आणि एका खुर्चीचा पाय मोडलाय हेही एक कारण आहे. तू आणि भाऊजी बरे असाल. तुझा गुडघा कसा आहे? जिने अजून टाळतेस ना?

तुझं पत्र परवा मिळालं. दोन वर्षांनी पत्र आणि ओळी दोन. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत आणखी काही अडकलंय का म्हणून. 'काकूंचं पत्र आलंय, मी तिथे येऊन त्यांना न भेटता गेले म्हणून रागावल्यात. मी आले कधी?' बस. धाकट्या बहिणीची चौकशी नाही, दुकानाची नाही, मशीनची तर नाहीच नाही.

त्याचं उत्तर देतेच. आधी बाकीचं सांगते, नाहीतर राहून जाईल.

दुकानाचं म्हणशील तर नाकी नऊ आलेत. गेल्या आठवड्यात कुणीतरी दाराबाहेर तीन पोती ठेवून गेलं. वर चिठ्ठी, 'तुमच्या सुंदर कार्यासाठी'. उघडली तर भोकं पडलेले मोजे, गादीचं अस्तर आणि कुणाचे तरी विटलेले बनियन. जुन्या कापडातून नवे कपडे शिवतो म्हणजे आपण कचऱ्याची गाडी आहोत असं लोकांना वाटतं. अबोलीने एक मोजा चिमटीत उचलला, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवला. ती अजून तशीच आहे, मशीनवर वाऱ्यासारखी आणि बोलायला दिवसाला चार शब्द. त्या दिवशीचे चारही वाचले.

महिन्याच्या पहिल्या शनिवारची बैठकही चालू आहे. गिऱ्हाइकं, शेजारी, आपण, सगळ्यांनी मिळून दुकान सांभाळायचं ही कल्पना तुझी, त्यामुळे तक्रारही तुझ्याकडेच. या वेळी तासभर चर्चा झाली की पिशव्यांवर 'शाश्वत' असं छापावं की नाही. प्रत्येकाने फाटे फोडले. मशीनचा पट्टा आठवड्यात दोनदा तुटतो, त्यावर चर्चा करायला कुणी तयार नाही. मग ते चहा प्यायला येणारे गृहस्थ, ज्यांनी पाच वर्षांत एक रुमाल घेतलाय, त्यांनी विचारलं की तुमच्या कपड्यांत आणि बाजारातल्या कपड्यांत फरक तो काय?

मी शंभराव्यांदा सांगितलं. कॉलरच्या आत बघा, जिने शिवलं तिच्या दोऱ्याची खूण असते. किरमिजी फुली काकूंची, हिरवी आडवी रेघ अबोलीची, निळे दोन टाके माझे. कपडा कधीही फाटला, उसवला तरी आणा. जिने शिवला तिच्याच टेबलावर तो जातो आणि तीच दुरुस्त करून देते. "आणि ते पिवळे तीन टाके?" गृहस्थांनी भिंतीवरच्या रंगांच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ते माझ्या बहिणीचे, ती आता इथे नसते. मग मी पाणी प्यायला उठले.

काकूंच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. काजं मात्र अजून त्याच करतात. माझं काज बघितलं की म्हणतात, याने तोंड का वाकडं केलंय. आपल्या दोघींच्या हातात पहिली सुई त्यांनीच दिली, तरी माझ्या हातात ती उलटी दिली असावी असं त्यांचं मत आहे.

हो, आणि डिसेंबरात एका मोठ्या दुकानाच्या खरेदीबाईंनी आपल्याकडे शंभर जाकिटं मागितली. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. 'जेवढे हात तेवढे कपडे.' तुझ्या अक्षरातली ती पाटी अजून भिंतीवर आहे. मी ती काढलेली नाही, फक्त समोर कपाट सरकवलंय. एका हॉटेलचे जुने पडदे मिळाले होते, चांगले जाड, राखाडी रंगाचे. मुदत तीन आठवड्यांची होती. जाकिटं वेळेत गेली. बाईंनी फोन करून कौतुक केलं. एवढंच.

एवढंच नाही. पण दुपारचे दोन वाजलेत आणि बाहेर गिऱ्हाईक आलंय. उरलेलं उद्या.

१४ मार्च

उद्याचा परवा झाला.

ताई, काकू दुकान सोडून गेल्या. हातीपायी धड आहेत, घाबरू नकोस. पण गेल्या, आणि माझ्यामुळे गेल्या. आता वरचं सगळं फाडून नव्याने लिहावं असं वाटत होतं. नाही फाडलं. मी कशी टाळाटाळ करते ते तुला माहीतच आहे, आता पुरावा घे.

शंभर जाकिटं आणि आम्ही तिघी. तीन आठवड्यांत साठच होणार हे काकूंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणाल्या, आत्ताच कळवून टाक, लाज कसली त्यात. मी फोन लावलासुद्धा. पण खरेदीबाईच आधी बोलायला लागल्या. दुकानात शिरल्या शिरल्या दिसेल अशा भिंतीवर आपली गोष्ट लावणार होत्या, काकूंच्या हातांचा मोठा फोटो, खाली खुणांची माहिती. इतकी वर्षं ज्या गोष्टीला लोकांनी छंद म्हणून नाकं मुरडली ती भिंतीवर जाणार होती. साठाचं मी काढलंच नाही. हो म्हटलं. काकूंना सांगितलं की बाई साठावर राजी झाल्यात.

उरलेली चाळीस मी गावाच्या पलीकडच्या एका कारखान्यात टाकली. पडदे दिले, नमुना दिला. तिथे कोण शिवतं, किती तास शिवतं, काही विचारलं नाही. एरवी दुसऱ्यांना हेच प्रश्न विचारायला लावणारी मी. पडदे पुरले नाहीत म्हणून कारखानदाराने आपल्याकडचं कापड घातलं. कोरं कापड, दगडाने घासून जुनं केलेलं. मला ते मोठ्या अभिमानाने दाखवलं. आपण आयुष्यभर नेमकं उलटं करत आलो आणि मी त्याचे आभार मानले.

रविवारी दुकान बंद असताना जाकिटं आली. मी आतून कडी लावली आणि खुणा घालायला बसले. काकूंची फुली घातली असती तर त्यांनी ओळखलं असतं. अबोलीची घालायची हिंमत होईना. माझी घालायची मला लाज वाटली. उरली तुझी. तुझं रीळ फळीवर होतंच.

चाळीस जाकिटं, प्रत्येकात पिवळे तीन टाके.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या महिन्यात एक संगीतशिक्षक जाकीट घेऊन आले, खिसा सुटला होता. मी पट्टा आणायला गेले होते. परत आले तर जाकीट काकूंच्या मांडीवर, आणि काकू कॉलरवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "ताई येऊन गेली?" त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. मी म्हटलं, हो, आठवडाभर होती, घरीच बसून शिवत होती, फार गडबडीत होती. वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी काकूंनी अबोलीला कागद घेऊन शेजारी लिहायला बसवलं. काकूंचं तुझ्याकडे आलेलं पत्र ते हेच.

तर तू आली नव्हतीस. तू त्यांना टाळलं नाहीस. मी तुला आणलं आणि मीच न भेटवता परत पाठवलं.

परवा पत्र अर्धं सोडून उठले ते ज्या गिऱ्हाइकासाठी, ते नवरा-बायको होते. दोघांच्या अंगात तीच राखाडी जाकिटं, दोघांची बाही खांद्यापाशी उसवलेली. मी पुढे होईपर्यंत काकूंनी एक जाकीट हातात घेतलं होतं. चष्मा लावला, शिवण उलटी केली, खिडकीपाशी नेली.

"हा ताईचा हात नाही," त्या म्हणाल्या. "ताई टाका संपवताना मागे वळते. हा नुसता तोडलाय. कुणाचा आहे?"

मी अबोलीकडे बघितलं, जणू ती बोलणार होती. मग सांगितलं. सगळं, त्या नवरा-बायकोच्या देखत. ते बिचारे दारातच थिजले होते, आत यावं की जावं ते त्यांना कळेना. काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, महिनाभर मी त्या पोरीला मनातल्या मनात बोल लावतेय. मग फळीवरून आपलं किरमिजी रीळ काढलं, पिशवीत घातलं, चपला घातल्या आणि गेल्या.

अबोली म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंस." चार शब्द. मी मोजले.

काल काकूंच्या घरी गेले. आत घेतलं नाही. दारातच उभ्या राहिल्या, हातात अर्धवट घडी घातलेली चादर. मी माफी मागायला सुरुवात केली तर मध्येच थांबवलं. "माझं सोड. जिची खूण चोरलीस तिला सांगितलंस का?" मी म्हटलं, लिहितेय. "लिहितेयस नाही, लिहून टाक. तिचं उत्तर घेऊन ये, मग आत ये." आणि दार लावलं.

तेव्हापासून मी चिडलेली आहे. कारखानदारावर, खरेदीबाईंवर, त्या पोत्यांवर, पिशव्यांवर काय छापायचं यावर तासभर बोलणाऱ्या सगळ्यांवर. तुझ्यावरसुद्धा. दोन वर्षांपूर्वी याच टेबलापाशी तू म्हणाली होतीस, झेपेल त्यापेक्षा जास्त अंगावर घेशील आणि शेवटी कुणाच्या तरी गळ्यात मारशील. मी म्हटलं होतं, इतकंच असेल तर जा. तू कात्री घेऊन गेलीस. तुझं खरं झालं याचा मला इतका राग येतो की काय सांगू. कुणाच्या गळ्यात मारीन एवढं मात्र तुलाही ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट काकूंनाही सांगितलेली नाही. त्या रविवारी पहिली आठ-दहा जाकिटं होईपर्यंत मी सारखी दाराच्या कडीकडे बघत होते. मग नाही बघितलं. पिवळा दोरा सुईत ओवायचा, तीन टाके, गाठ. पुन्हा ओवायचा. खोटं करतेय हे मी विसरलेच. तू पलीकडच्या खुर्चीवर बसून तुझी खूण घालतेयस आणि मी तुला जाकिटं हातात देतेय असं वाटत होतं. दोन वर्षांत इतकी चांगली दुपार गेली नव्हती माझी. याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते, आणि म्हणूनच ते दोन दिवस लिहिता येत नव्हतं.

आज सकाळी खरेदीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कशाला उगाच बोभाटा करता, कॉलरच्या आत कोण बघतं. मी म्हटलं, आमच्याकडे बघतात. पुढची ऑर्डर गेली. काकूंच्या हातांचा फोटोही उतरवतील. आपल्या दारावर मी कागद लावलाय की पिवळ्या खुणेची राखाडी जाकिटं आमच्या हातची नाहीत, कापडही जुनं नाही, परत आणा, मी स्वतः उसवून नव्याने शिवून देईन. त्यांच्याही दुकानात लावायला सांगितलंय. लावतील की नाही देव जाणे. चहावाल्या गृहस्थांनी तो कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

कपाट मी जागेवर सरकवलंय. पाटी दिसते.

तुझं उत्तर मला काकूंना दाखवावं लागणार आहे. मला जे बोलायचं ते बोल, हातचं राखू नकोस. तू काहीच लिहिलं नाहीस तर तेही जाऊन सांगेन. पण काकूंसाठी एक ओळ वेगळी लिही. त्या आता तुझ्यावर रागावलेल्या नाहीत, नुसत्या तुझी आठवण काढतात.

हे पाकीट उलटं करून झटक. आत पिवळ्या दोऱ्याचे नऊ तुकडे आहेत, परत आलेल्या तीन जाकिटांचे, त्या नवरा-बायकोची दोन आणि संगीतशिक्षकांचं एक. मी कात्रीच्या टोकाने एकेक टाका उचलून काढलाय, कापडाला धक्का न लावता, तू शिकवलंस तसं. ते तुझे आहेत. बाकीचे येतील तसे पाठवत राहीन. तुझं रीळ फळीवर आहे, त्याला माझा हात लागणार नाही.

उरलेल्या सदतीस जाकिटांची आणि एका पत्राची वाट बघणारी,
तुझी धाकटी