दम

शनिवार, पनवेल

काल रात्री फासे मुठीत धरून मी आमचा पात्रं घेऊन गोष्ट रचायचा खेळ थांबवला; तो मीच चालवतो. राक्षसाच्या घावाने माझ्या बायकोचं, सायलीचं, पात्र पडलं होतं. नेरे गावच्या आमच्या मित्राचा, किसनचा, खेळातला सरदार तिला नुसतं म्हणाला, "ऊठ गो, अजून दम हाय तुझ्यात," आणि तिचे हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारे आकडे, वाढले. मंत्र नाही, मलम नाही. शब्दांनी जखम भरते?

"पॉइंट म्हंजे रगत नाय रे, दम," किसन म्हणाला.

सायली हसली. तळोज्याच्या कामावरून थकून घरी आल्यावर अशी हसत नाही. मी तिला "दम धर" म्हणतो, नाहीतर दम देतो. तुझ्यात दम आहे, असं कधी म्हटलं? किसनने म्हटलं. खेळात का होईना.

आज सकाळी ती कामावर निघाली. तेच म्हणायला मी दारापर्यंत गेलो आणि विचारलं, "डबा घेतलास?"