आवडीच्या रक्ताला फेस का येत नाही

मी, महिपत सोनबा उतेकर, वय ५९, निवृत्त कंपाउंडर, मूळ गाव कापडे, तालुका पोलादपूर, हल्ली मुक्काम महाड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. दुपारी डोळा लागला की खोलीभर पांढरा फेस चढतो आणि मी त्यावर तरंगत राहतो, एवढेच. मी ज्यांच्या दवाखान्यात होतो ते डॉक्टरसाहेब त्याला वेड म्हणत नाहीत.

१. कापड्याचे घर, परसातल्या फणसासह, माझी पत्नी तुळसा हिला. बारा वर्षे ती दासगावला माहेरी आहे. गेली नाही, मी धाडली.

२. खल, तराजू आणि चष्मा नव्या कंपाउंडरला, भिकूला. मापाची काच त्याने पहिल्याच दिवशी फोडली, तरी द्यावे.

३. चुलतभाऊ हैबती याला काही नाही. माझी छत्री त्याच्याकडे आहे, तीच पुष्कळ झाली.

४. ओढ्याकाठचे भातखाचर बहीण ठकूबाई हिला, एका अटीवर. आत्याचा हक्क सांगून ती माझ्या मुलीला, आवडीला, आपल्या मुलासाठी, मुरारीसाठी, मागते आहे. तो हक्क तिने सोडावा. रागावू नये. कारण खाली आहे.

५. आवडी आठ वर्षांची असताना तिच्या हिरड्यांना फोड आले, दोन दात पडले. सवच्या गरम झऱ्यावर नेऊन गुळण्या करवल्या. वाफेत तिचा चेहरा दिसेनासा व्हायचा आणि मला वाटायचे, बाहेर येईल ती बरी होऊनच. झाली नाही. मग कापड्याच्या ओटीवर, भावकीसमोर, मी तिच्या हिरडीवर जखम धुवायचे पेरॉक्साइड ओतले. फेस आला नाही. रक्त काळे पडले. औषध विटले असेल म्हणून मी स्वतःचे बोट कापून त्यावर ओतले. फसफसून फेस आला. मी तुळसाकडे बोट करून म्हणालो, "माझं रक्त चोख हाय. खोट हिच्या माहेरची." तुळसा बोट पुढे करून म्हणाली, "माज्याबी बोटावर वता की." मी बाटलीला बूच लावले आणि तिला माहेरी धाडली.

गेल्या चैत्रात डॉक्टरसाहेबांनी तिघांचे रक्त तपासले. तुळसाच्या थेंबाला माझ्याइतकाच फेस आला. ते म्हणाले, हा फेस रक्तातले एक विकर करते, त्याच्या पोटात लोहाचा कण असतो. विकर म्हणजे शेकडो मण्यांची घडी घातलेली माळ. त्यांचा अंदाज असा, की एकच मणी बदलला, घडी बिघडली, लोह जागेवर बसेना आणि विकर निकामी झाले. माझी आई आणि तुळसाचे वडील सख्खी भावंडे. आजोबांचा तो बदललेला मणी आम्हा दोघांकडे एकेका बाजूनेच आला, म्हणून निम्मे विकर चांगले राहिले. निम्मे विकरही फेसाला पुरते, म्हणून मला कळले नाही. आवडीला दोन्हीकडून मिळाला. ठकूबाईकडून मुरारीतही तो लपलेला असू शकतो. आवडीने तोंड स्वच्छ ठेवावे आणि नात्याबाहेर लग्न करावे. तिच्यात अशुभ काही नाही.

तुळसा, खोट माझीही होती. मी तुझी बारा वर्षे वाया घालवली. मला फार वाईट वाटते.

६. कलम ५ माझ्या बाराव्याला भावकीसमोर वाचावे.

पुरवणी. आज तुळसा व आवडी आल्या. वरील सर्व वाचून दाखवले. तुळसा म्हणाली, "घर ऱ्हाऊ द्या. तुमी मेल्यावर लोकांनी ऐकून मला काय? चार मानसांत बोललात, तोंड हाय तवर तो शबुद चार मानसांतच फिरवा."

म्हणून कलम ६ खोडले आहे. येत्या रविवारी कापड्याच्या त्याच ओटीवर कलम ५ मी स्वतः वाचीन. तू येशील का, असे विचारले.

"येईन," ती म्हणाली. "बाटली तेवढी आनू नका."

सही : महिपत सोनबा उतेकर
साक्षीदार : १. चांगू हरी सालेकर २. सदू कोंडाजी मोरे (अंगठा)
महाड, ता. १२ नोव्हेंबर १९६४