ह्यांची लाल गाडी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

त्या डबड्याला एवढे पैसे! आकडा ऐकला आणि चहा साडीवर सांडला. इंद्रजीत म्हणाला, आई, बाहेर बोलू नकोस. बोलत नाही. इथंही लिहीत नाही.

ह्यांची लाल गाडी — विलायती, दोन माणसांची, वर टप नाही, शर्यतीत पळवायची. सासऱ्यांनी कुण्या जहागीरदाराकडून घेतलेली. वैजापूरच्या मळ्यात शेडखाली उभी असते. लग्न होऊन आले तेव्हापासून ती माझी सवत! माझा वाढदिवस ह्यांना कधी आठवला नाही, तिचं ऑइल बदलायचं कधी चुकलं नाही. हे गेल्याला वर्ष झालं. आता तिला कोण पुसणार?

पुण्याची मेघा म्हणून एक मुलगी आहे. अशा जुन्या गाड्यांची किंमत ठरवते आणि गुपचूप गिऱ्हाईक लावून देते. फोटो पाहूनच आकडा सांगितला. वर म्हणे, "अस्सल असेल तर." अस्सल नसायला काय झालं?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ज्योतीनगरात दोन खोल्या पाहून आले. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. दाराची कडी उगाच लावून, काढून पाहिली. इथं उस्मानपुऱ्यात लेकाच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपते मी. सायली — माझी सून — वाईट नाही. पण सगळ्यांचा टीव्ही संपल्याशिवाय मला अंग टाकता येत नाही. गाडी गेली की त्या दोन खोल्या माझ्या!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अक्षर कसंही येवो, लिहून काढते.

मेघा मळ्यावर आली. बॅटरी घेऊन गाडीखाली शिरली, बाहेर आली आणि बॉनेट उघडलं. मग म्हणाली, इंजिन हिचं नाही. जीपचं आहे! कारखान्यात इंजिनावर नंबर ठोकलेला असतो, तो गाडीच्या कागदाशी जुळावा लागतो. तो जुळला तर तो आकडा. नाहीतर नुसतं खोकं, पाव किमतीचं. माझ्या डोळ्यांसमोरून त्या खोल्या गेल्या. इंद्रजीतचं तोंड एवढंसं झालं.

सोनाजीला हाक मारली. मेंढरं आमच्या रानात बसवतो, मळाही तोच सांभाळतो. त्याच्या बापापासूनचे संबंध. तो म्हणाला, बहात्तरच्या दुष्काळात थोरल्या मालकांनी — माझ्या सासऱ्यांनी — इंजिन काढून विहिरीच्या पंपाला जोडलं होतं. अख्खी वस्ती त्या पाण्यावर जगली. माझं लग्न त्यानंतरचं, मला काय ठाऊक! ह्यांनी तर कधी चकार शब्द काढला नाही. मग ते इंजिन गेलं कुठं? सोनाजीनं बायकोकडं पाहिलं. सखूबाई खाली बघत राहिली.

मेघा हात धुवायला विहिरीवर गेली. तिथं लिंबाखाली आमचा म्हसोबा. पोरगी संस्कारी — बूट काढले, वाकली. वाकली ती वाकलेलीच! शेंदरावरून हलकं बोट फिरवलं आणि म्हणाली, "काकू, ह्या देवाला एका रांगेत सिलिंडरची चार भोकं आहेत."

देवा रे. देवा तरी कुणाला म्हणू?

शनिवार, १५ नोव्हेंबर

मेघाचा फोन — उलट चांगलं झालं, काकू! इतकी वर्षं तेल-शेंदूर लावलात म्हणून गंज चढला नाही. खरवडलं की नंबर दिसेल. सोमवारी माणसं पाठवते.

इंद्रजीत म्हणतो, आई, ते इंजिन आहे! मी म्हटलं, तू त्याच इंजिनाच्या नवसाचा आहेस.

खरंच आहे. लग्नानंतर किती वर्षं मूल नव्हतं. दर रविवारी अनवाणी जायचे विहिरीवर. पायाला फोड यायचे. एकदा हे पण बरोबर आले होते. शेजारी हात जोडून उभे राहिले, डोळे मिटून.

रविवार, १६ नोव्हेंबर

सखूबाईला विचारायला गेले. देव तिचाही आहे. मेंढी व्याली की पहिलं दूध तिथं ठेवते ती. म्हटलं, परवानगी मागावी.

ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, विजेची मोटर आल्यावर थोरले मालक इंजिन भंगारात घालायला निघाले होते. "काकासायबांनीच पयला शेंदूर लावला, आक्का. देवाला भंगारवाला हात लावत नाय म्हणले. मला म्हणले, कुठं बोलू नको."

काकासाहेब म्हणजे हेच. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं! माझ्याशेजारी हात जोडून उभे, ते आपल्या गाडीच्या इंजिनापुढं! सवतीचं काळीज जपायला देव उभा केला आणि मला तिच्या पायाशी अनवाणी चालवलं! इतकी फसवणूक? घळाघळा रडले. दुःखानं नाही, रागानं.

सखूबाईला म्हटलं, तुला ठाऊक होतं, तरी तू पाया पडत होतीस? ती म्हणाली, "पाणी तर त्यानंच दिलं का नाय?"

मला काही सांगू नका पाण्याचं. इंद्रजीतला सांगितलं, उद्या खरवडा. माझ्यासमोर खरवडा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

माणसांनी ब्रश हातात घेतले आणि सखूबाई माझा हात धरून बाजूला घेऊन गेली. "काल तुमी रागात व्हत्या, मनून बोलले नाय. तुमी दोघं नवस बोलून गेला, मागनं काकासायब एकलेच परत आले. अनवाणी. लई येळ बसले, रडले. देवाला म्हणले, तुला म्याच बसवलाय, माझं नको ऐकू. तिचं तेवढं ऐक."

माणसं परत पाठवली. मेघाला सांगितलं, गाडी न्या, पाव किमतीला न्या. इंजिन विकायचं नाही.

दिवाणावर बसून लिहिते आहे. टीव्ही चालू आहे.