दारात आलेल्या बसचा सत्कार

४ ऑगस्ट
मिशन फत्ते. उद्यापासून भांबूरवाडीत बस. फाट्यापर्यंत पायपीट बंद, जीपवाल्या भारतची मोनोपॉली बंद. डेपो मॅनेजर म्हणाले, दोन आठवडे ट्रायल. बस वेळेत गेली अन् पॅसेंजर मिळाले तर कायम. म्हटलं, साहेब, ते माझ्यावर सोडा.

रहीमभाई टेलर भेटले. त्यांची आमरीन सिटीत नर्सिंगला. जीप भरल्याबिगर हलत नाही, म्हणून पोरगी रोज उशिरा पोहोचते. कॉलेजनं बजावलंय, आता हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाही. म्हणजे पोरीचं वर्ष माझ्या हातात. बरं वाटलं.

फ्लेक्स छापायला टाकला. हात जोडलेला फोटो, खाली 'बससम्राट साहेबराव'. नाव मित्रमंडळानं सुचवलं. मंडळात सध्या मीच आहे.

५ ऑगस्ट
ऐतिहासिक दिवस. बस टायमाला आली, तिथंच घोळ झाला. प्रमुख पाहुणे यायचे होते. त्यांच्याबिगर नारळ कसा फोडायचा? ड्रायव्हरला टोपी, टॉवेल, नारळ दिला अन् चावी प्रेमानं काढून घेतली. तोवर भाषण केलं. विषय: खेड्यातल्या माणसाला वेळेचं महत्त्व. जरा लांबलं. पाहुणे आलेच नाहीत.

पब्लिक एकेक करून जीपमध्ये जाऊन बसलं. भारतची जीप जन्मात एवढी लवकर भरली नसेल. बसमध्ये आमरीन एकटी. तिला मीच सांगितलं होतं, उतरू नको, फोटोत पॅसेंजर दिसला पाहिजे. पोरगी गुणी. फोटोत हसली मात्र नाही.

६ ऑगस्ट
पाहुण्यांचा फोन. सॉरी म्हणाले, आज येतो. मग सत्कार पुन्हा. ड्रायव्हर म्हणाला, कालचा नारळ अजून केबिनमध्येच आहे. म्हटलं, असू द्या, जोडी होईल. पाहुणे बसमध्ये चढले, सीटवर बसले, फोटो काढले, उतरले, कारमधून गेले. आमरीन म्हणाली, पहिला तास आजही बुडाला. तिला समजावलं, बाई, इतिहास घडतोय, एका तासाचं काय घेऊन बसलीस.

८ ऑगस्ट
ज्ञानेश्वरी विचारते, तुम्ही एकदा तरी त्या बसनं गेलात का. आता बायकोला पॉलिसी काय समजावणार! मी बसून गेलो तर मागं सत्कार कोण बघणार? दुपारी सिटीत काम होतं, मोटरसायकलवर गेलो. वाटेत बस दिसली. ओव्हरटेक करून हात केला. ड्रायव्हरनं बघितलं नाही. बिचारा कामात असेल.

संकल्प: उद्यापासून सत्कार एकदम बंद.

१० ऑगस्ट
महिला मंडळाचं म्हणणं पडलं, बसला ओवाळायचं राहिलं. त्यांचं मन कसं मोडायचं? शेवटचं. अगदी शेवटचं. चाकाला हळद-कुंकू लावलं, चारही बाजूंनी. जीप तेवढ्यात भरून गेली. भारत जाताना हॉर्न वाजवून गेला. माजलाय लेकाचा.

१२ ऑगस्ट
आज लई वाईट वाटलं. कंडक्टरचा वाढदिवस असल्याचं कळलं होतं, केक अन् हार घेऊन उभा राहिलो. लांबूनच हार दिसला अन् ड्रायव्हरनं गाडी थांबवली तर नाहीच, उलट स्पीड वाढवला. आमरीन मागं धावली, पार पाण्याच्या टाकीपर्यंत. नाही गाठता आली. मीसुद्धा आवाज दिला होता.

संध्याकाळी रहीमभाई आले. चहा नको म्हणाले. उभ्या उभ्याच बोलले, "साहेबराव, तुम्ही बस आनली, लई उपकार झाले. आता तिला तेवढी जाऊ द्या."
माणूस भावनिक आहे.

१९ ऑगस्ट
ट्रायल संपली. डेपोचं म्हणणं: गाडी रोज लेट, पॅसेंजर नावापुरते. बस बंद. हा भारतचाच डाव. शंभर टक्के. आजपासून आरपारची लढाई.

३ ऑक्टोबर
लढाई पितृपक्षामुळं लांबली होती. मग नवरात्र आलं. उद्या मात्र डेपोवर धडक. मॅनेजर बारापर्यंतच भेटतात.

नवा शर्ट घ्यायला रहीमभाईंच्या दुकानात गेलो. मशीनवर आमरीन. आज कॉलेज नाही का, विचारलं. हजेरी भरली नाही म्हणाली, वर्ष गेलं. तसं शांतच बोलली. पुढ्यात माझा फ्लेक्स पसरलेला. भारतच्या जीपचा वरचा हूड फाटलाय, त्यानं हाच आणून दिलाय म्हणे शिवायला.

"काका, तुमचा चेहरा मधोमध येतोय. शिलाई तोंडावरनं घेऊ, का छापलेली बाजू आतून टाकू?"
म्हटलं, आतून टाक.

४ ऑक्टोबर
सकाळी मोटरसायकल पंक्चर. नाइलाजानं भारतच्या जीपमध्ये बसलो. म्हटलं चल, उशीर होतोय. तो म्हणाला, भरल्याबिगर कशी हलंल, बसा निवांत. बसलो. डोक्यावर मीच, हात जोडलेला. समोरच्या म्हाताऱ्यानं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं, अन् तंबाखू मळायला लागला.

हर्सूलला डेपोवर पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तोवर मान वर केली नाही.