तीन व्हॉल्व्ह आणि सासरे

४ जानेवारी १९८६, शनिवार. पार्सिपनी.
आज कमाल केली! वरच्या मजल्यावरचं हीटिंग कुरकुरत होतं. सुलभा म्हणाली प्लंबरला बोलवू. घरात इंजिनियर नवरा असताना प्लंबर? (सिव्हिल असलो म्हणून काय झालं!) सिस्टिम अगदी सोपी आहे. बेसमेंटमध्ये बॉयलर, त्यातून गरम पाण्याचे तीन पाइप. एक खालच्या खोल्यांना, एक वरच्या, एक आंघोळीच्या टाकीला. प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह. खोली गार पडली की भिंतीवरचा थर्मोस्टॅट आपल्या व्हॉल्व्हला सांगतो, बाबा रे, उघड. बास! खोल्यांच्या दोन्ही व्हॉल्व्हवरच्या मोटर बदलल्या, चाळीस मिनिटांत. दुकानदार म्हणत होता, काढताना वायरींना खुणा करा. माझी मेमरी त्याला काय माहीत.

७ जानेवारी
दादा आले. म्हणजे सुलभाचे वडील, नागपूरच्या वॉटरवर्क्समधून रिटायर झालेले. अख्खा हिवाळा आपल्याकडेच राहणार! साडू गुरुदत्त जवळच एडिसन गावात नवं घर घेऊन दादांना न्यायला टपून बसलाय. बसू दे. दादांना वरची बेडरूम दिली.

८ जानेवारी
दादा चहाला कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून आले. नागपूरचा माणूस, अमेरिकन थंडीची सवय नाही. थर्मोस्टॅट कसा वाढवायचा ते शिकवलं. किती साधं आहे बघा, म्हटलं.

९ जानेवारी
खाली भट्टी. सुलभा पंखा शोधतेय. तिनं खालचा थर्मोस्टॅट कमी केला, तर वर दादांच्या तोंडातून वाफ निघायला लागली. त्यांनी आपला ऐंशी फॅरनहाइटवर नेला. खाली आणखी भट्टी! माझी थिअरी: वरची उष्णता जिन्यानं खाली येते. उष्णता वर जाते असं पुस्तकात असतं, पण पुस्तकं काय, कोणीही लिहितं.

१० जानेवारी
सापडलं! दादांची आंघोळ! टबमध्ये बादली ठेवून तांब्यानं अर्धा तास चालते. आंघोळीच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की खोल्यांचे दोन्ही बंद राहतात, सिस्टिमच तशी आहे. दादांना अगदी गोड शब्दांत सांगितलं. ते बरं म्हणाले आणि अर्ध्या बादलीत आटोपून आले. सुलभा माझ्याशी बोलत नाही. वर थंडी तशीच. दादा म्हणाले, व्हॉल्व्ह बघू का जरा? छे! सासऱ्यांना बेसमेंटमध्ये राबवायचं? जावयाच्या घरी फक्त आराम करा म्हटलं.

११ जानेवारी, सकाळी
गुरुदत्तचा फोन. दादांना उद्या न्यायला येतोय. सुलभानं त्यांची बॅग भरायला घेतली. मला म्हणाली, "माझे वडील माझ्या घरी कुडकुडले, हे मी विसरणार नाही." गुरुदत्त आता इथल्या सगळ्या मराठी मंडळात सांगत सुटणार.

दुपारी
बेसमेंटमध्ये खुडबुड ऐकू आली. दादा कानटोपी घालून व्हॉल्व्हसमोर स्टुलावर. आधी मेन स्विच बंद करायला लावला, मग माझ्या हातात बॅटरी दिली. म्हणाले, इथे उजेड धरा जावईबापू, आणि हलवू नका. दोन थर्मोस्टॅटच्या वायरींची अदलाबदल झाली होती. दादांचा थर्मोस्टॅट आमचा मजला तापवत होता आणि आमचा त्यांचा. ते वाढवत होते, आम्ही उतरवत होतो. दहा मिनिटांत काम झालं. मेन स्विच लावून दादा हात धुवायला वर गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१२ जानेवारी, रविवार
वर छान ऊब. दादांनी दोन बादल्या आंघोळ केली. सुलभानं हाक मारून चहा दिला. सकाळपासून इथे काय लिहायचं ते डोक्यात तयार होतं: फॉल्ट मी शोधला, दादांनी मदत केली, बॅटरी धरली. लिहायला बसलो, तेवढ्यात हॉलमधून दादांचा आवाज आला. गुरुदत्तला फोनवर सांगत होते, "तुम्ही नका येऊ. जावईबापूंनी सगळं दुरुस्त केलं. मी नुसती बॅटरी धरली."

मी लिहिणार होतो तेच. आता लिहवेना.

बॅटरी मी धरली होती. तीही दोनदा हलली.