बाबांच्या फोटोखालची जाहिरात

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

बाबांच्या अहिराणी म्हणींच्या ब्लॉगला परवा नवी फुकटची थीम लावली. केळीच्या पानासारखा हिरवा मथळा, सुबक अक्षरं. इतकं देखणं फुकट कोण देतं? तेव्हाच खटकलं होतं. पण त्या हिरव्या मथळ्याला भुलले.

आज धुळ्याहून आत्याचा फोन. "तुन्हा बापना फोटो खाले जुगारनी जाहिरात शे!" माझ्या कॉम्प्युटरवर तर तसलं काहीच नव्हतं. मला संशय आला तो आत्याचाच. भलतीकडे बोट लागलं असेल. तसं बोललेही. तिने फोन ठेवून दिला.

मग शेजारच्या वहिनींच्या मोबाइलवर, वेगळ्या ब्राउझरमध्ये, पान उघडून पाहिलं. तोच हिरवा मथळा, आणि बाबांच्या हसऱ्या फोटोखाली 'पत्ते खेळा, लाखो जिंका'. म्हणजे थीममध्येच दडवलेलं, फक्त मोबाइलवर दिसणारं! जन्मात पत्त्यांना न शिवलेला माणूस. किती जणांनी पाहिलं असेल?

थीम काढून टाकली. आता साधं पांढरं पान. सगळ्या ब्राउझरमध्ये, वहिनींच्या मोबाइलवरही तपासलं, तरी विश्वास बसेना. शेवटी आत्यालाच पुन्हा बघायला सांगितलं.

तिने तिच्या मोबाइलवर पान उघडलं. मग म्हणाली, "आत्ते नुसता मन्हा भाऊच दिखस."