आईच्या तुळशीचं बी

शुक्रवार, न्हावरे

आई जाऊन वर्ष झालं. तिच्या यवतच्या तुळशीच्या शेवटच्या मंजिऱ्या मी जपून ठेवल्या होत्या. हे बारीक बी उजेडात रुजतं, म्हणून सकाळी ट्रेमधल्या मातीवर नुसतं भुरभुरलं. संध्याकाळी पाहते, तर सासऱ्यांनी कांद्याच्या वाफ्यासारखी वर बोटभर माती पसरलेली. बोटभर!

"उघडं बी मुंग्या नेत्यात. येवढी शिकली तू, आन् हे ठावं न्हाई?"

"आबा, ते माझ्या आईचं होतं. दुसरं नाही माझ्याकडे."

आबा चष्मा लावून खाली बसले आणि चहाच्या चमच्यानं ती बोटभर माती बाजूला सारू लागले.

"दिसतंय का गं येखादं?"

मला काहीच दिसत नव्हतं.

"दिसतंय, आबा," म्हणाले मी. एवढी चिडले होते, तरी कशी म्हणाले?